शिकारी कुत्र्याच्या फुप्फुसात कुसळ गेलं तर काय करायचं

आमच्या कुत्र्याच्या, सर्जाच्या फुप्फुसातून निघालेलं कुसळ मी एका छोट्या काचेच्या बाटलीत ठेवलंय. करंगळीच्या नखाएवढं आहे, लांब शेपटी आतच कुठेतरी तुटून गेली. जवळपास दोन महिने ते रक्ता-पुवात भिजत होतं. तरी डॉक्टरांनी हातात दिल्यावर मी ते अंगठ्यावरून फिरवून पाहिलं, तर एका दिशेने गुळगुळीत लागलं आणि उलट फिरवताच कातडीला अडकलं. एकही काटा बोथट झालेला नव्हता.

आम्ही कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात राहतो. सर्जा जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर या शिकारी जातीचा आहे. इथे १ सप्टेंबरला होल्यांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. तीन वर्षांचा असताना त्याला घेऊन शेजाऱ्यांबरोबर गव्हाच्या कापलेल्या रानात गेलो होतो. ऊन तापलेलं, बांधावरचं गवत छातीइतकं वाळलेलं, आणि हा तोंड उघडं टाकून, ल्हाल्हा करत त्यातून पळत होता. मध्येच थांबला, मान लांब केली, चार-पाच ठसके दिले, थोडा पांढरा फेस ओकला. दहा मिनिटांनी पुन्हा पळायला लागला आणि आम्हीही विसरलो. एकोणीस दिवसांनी खोकला सुरू झाला.

हल्ली इथली बरीच मराठी घरं पॉइंटर, स्पॅनियल, लॅब, विझला अशी कुत्री आणतात. कुणी शिकारीला नेतं, कुणी नुसतं डोंगरावर फिरवतं. कुत्र्याला तो फरक कळत नाही, ते दोन्हीकडे गवतात तोंड घालूनच पळतं. त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. औषधांची मात्रा मी कुठेही लिहिलेली नाही आणि तुम्हीही ती कुणा शिकाऱ्याकडून ऐकून देऊ नका.

आधी गवत ओळखा

आपल्याकडे पावसाळा संपता संपता माळावरून चालून आलं की धोतराला, मोज्यांना कुसळं चिकटतात, तोच हा प्रकार. इथे सगळ्यात जास्त त्रास देतं ते फॉक्सटेल, म्हणजे रानटी जवाचं गवत. कणीस कोल्ह्याच्या शेपटासारखं असतं, म्हणून हे नाव. हिवाळ्याच्या पावसावर ते हिरवंगार वाढतं, तेव्हा निरुपद्रवी असतं. एप्रिल-मेमध्ये पिवळं पडलं की कणीस हात लावताच सुटं होतं, आणि प्रत्येक तुकडा म्हणजे एक बाण. त्याच रानात रिपगट ब्रोम आणि रानटी ओटही असतात. उत्तरेकडे डकोटा, मिनेसोटा भागात फेझंट या पक्ष्याच्या शिकारीला जाणाऱ्यांनी कॅनडा वाइल्ड राय हे गवत ओळखायला शिकावं. जमीन राखण्यासाठी पेरलेल्या रानांत ते सापडतं.

कुसळाला पुढे जायला स्वतःची ताकद लागत नाही. काटे एकाच बाजूला झुकलेले असल्याने प्रत्येक हालचालीबरोबर ते पुढे सरकतं आणि मागे येताना अडतं. फुप्फुस तर दर मिनिटाला वीस-तीस वेळा ताणतं आणि आकसतं. मी हे फोनवर आबांना सांगत होतो. ते माणदेशातले, धनगरवाड्याच्या शेजारी वाढलेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरं, मेंढराच्या कातड्यात बघितलंय की आमी. कुसाळ मागं येत न्हाई. म्होरंच सरकतंय." आजाराचं मूळ या एका वाक्यात आलं.

रानातच ठसका लागला तर

पळणं तिथेच थांबवा. सावलीत बसवा, पाणी द्या, श्वास शांत होऊन तोंड मिटू द्या. मग एकाने जबडा उघडावा आणि दुसऱ्याने टॉर्च धरून जिभेखाली, हिरड्यांच्या कडेला आणि घशाच्या दोन्ही बाजूंच्या टॉन्सिलच्या खाचांत पाहावं. कुसळ दिसलं आणि चिमट्यात येत असलं तरच काढा. घशात बोटं घालून चाचपडू नका, जे वर आहे ते खाली जाईल.

नाकात गेलं असेल तर कुत्रं शिंकांवर शिंका देतं आणि एका नाकपुडीतून रक्त येऊ शकतं. कानात गेलं तर डोकं झटकत राहतं. ही दुखणी निदान दिसतात तरी. श्वासनलिकेत गेलेलं कुसळ दहा मिनिटं ठसके देतं आणि मग गप्प बसतं. कुत्रं बरं झालं असं वाटतं, पण कुसळ फक्त खाली उतरलेलं असतं. श्वासनलिकेतून जवळजवळ सरळ रेषेत खालची वाट उजव्या फुप्फुसाच्या मागच्या कप्प्यात जाते, म्हणून ते बऱ्याचदा तिथे सापडतं. या कप्प्याला डॉक्टर लोब म्हणतात.

जोराचा ठसका लागला असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि ब्रॉन्कोस्कोपीबद्दल विचारा. म्हणजे भूल देऊन दुर्बिणीची नळी श्वासनलिकेत घालून पाहणं. कुसळ मोठ्या नळ्यांमध्ये असतानाच ते चिमट्याने ओढून काढता येतं. ते लहान फांद्यांत शिरलं की दुर्बीण तिथवर पोहोचत नाही. मला आजही वाटतं, त्या सप्टेंबरच्या सकाळी मी फोन केला असता तर सर्जाची छाती उघडावी लागली नसती.

वही घाला

ठसक्याची तारीख, जागा आणि गवत कसं होतं, एवढं लिहून ठेवा. लक्षणं दोन दिवसांत दिसतील किंवा दोन-तीन महिन्यांनी. तोवर तुम्ही ती सकाळ विसरलेले असाल आणि डॉक्टरांना तर ती माहीतच नसेल.

मग रोज रात्री कुत्रं गाढ झोपलं की पूर्ण मिनिट श्वास मोजा. छाती एकदा वर-खाली म्हणजे एक श्वास. झोपेत तीसच्या आत असायला हवेत. आकडा हळूहळू चढतोय का, ते पाहायचं. संशय आला की गुदद्वारातलं तापमान घ्या. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. नाकाला हात लावून ताप कळत नाही. आठवड्याला वजनही करा. त्याला कडेवर घेऊन घरच्या काट्यावर उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं.

कशाकडे लक्ष ठेवायचं? ओला किंवा कोरडा खोकला, पळून आल्यावर जास्त. तोंडाला येणारा कुजका वास. खोकल्यातून रक्ताचा धागा. येणारा-जाणारा ताप. जेवतं पण वाळतंय, दारात पट्टा वाजला की उठतं पण रस्त्याच्या टोकाला जाऊन बसतं. आणखी एक लक्षण नव्या माणसाला कधीच जोडता येत नाही: पाठ धरणं, गाडीत उडी मारायला नकार देणं, किंवा कमरेजवळ, कुशीत अचानक आलेलं गळू. श्वासपटलाची मागची टोकं कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याजवळ चिकटलेली असतात. फुप्फुसातून बाहेर पडलेलं कुसळ त्या वाटेनं पाठीच्या स्नायूंखाली जाऊन बसतं. गळू चिरून पू काढला, जखम भरली, आणि महिन्याभराने तिथेच पुन्हा फुटलं, तर कुसळ आत आहे असंच समजा.

घाईची वेळ

झोपेतही श्वास चाळीसच्या वर, मान पुढे ताणलेली, कोपरं अंगापासून फाकवून उभं राहणं, आडवं व्हायला तयार नसणं, हिरड्या निळसर किंवा पांढऱ्या. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच्या इमर्जन्सी दवाखान्यात न्या. फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत पू किंवा हवा भरली की फुप्फुसाला फुगायला जागा उरत नाही. गाडीत त्याला झोपवू नका, हवं तसं बसू द्या.

डॉक्टरांशी काय बोलायचं

आमचं इथेच बिनसलं. पहिल्या दवाखान्यात खोकला ऐकला, कुत्रं तरुण होतं, आणि केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा साथीचा खोकला, म्हणून दहा दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी खोकला थांबला. गोळ्या संपल्यावर पाचव्या दिवशी परत आला. पुन्हा गोळ्या, पुन्हा बरं, पुन्हा खोकला. तोवर चार किलो वजन गेलं होतं. त्या दवाखान्याला मी दोष देत नाही. गवताचा ठसका मी त्यांना सांगितलाच नव्हता.

गोळ्या चालू असताना बरं, बंद केल्या की परत, हे चक्र दुसऱ्यांदा दिसलं की समजा, आत काहीतरी आहे. औषध जंतू मारतं, पण कुसळ विरघळवत नाही. ते वनस्पतीच्या चिवट धाग्यांचं असतं, कुत्र्याच्या शरीराला पचत नाही, आणि त्याच्या खाचांत लपलेले जंतू औषध थांबताच पुन्हा वाढतात. तिसरा कोर्स घेण्याऐवजी तिथेच थांबून म्हणा, "हा गवतातून पळताना ठसकला होता, अमुक तारखेला. आत कुसळ असू शकेल का? सीटी स्कॅनसाठी पाठवाल का?" डॉक्टरांना याचा राग येत नाही. शिकारी भागातले डॉक्टर तर लगेच ताठ बसतात.

दोन गोष्टी मात्र टाळायच्या. खोकला दाबणारं औषध घेऊ नका, कारण खोकल्यानेच पू बाहेर पडतो. आणि ॲलर्जी समजून स्टेरॉइड द्यायचं ठरत असेल तर आधी कुसळाचा विषय काढा. स्टेरॉइडने दोन दिवस कुत्रं ताजंतवानं दिसतं आणि आत संसर्गाला मोकळं रान मिळतं. घरातल्या आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉलच्या गोळ्या कुत्र्याला विषारी ठरू शकतात. ताप आला म्हणून त्या देऊ नका.

आमच्या भागात डॉक्टर व्हॅली फीव्हर या बुरशीच्या आजाराचीही रक्ततपासणी करतात. मातीतून येणारा तो आजारही असाच खोकला, ताप आणि वजन घटवणारा असतो. ती तपासणी वायफळ नाही, करून घ्या.

तपासण्या

एक्स-रे सगळ्यात आधी होतो आणि तोच लोकांना फसवतो. कुसळ एक्स-रेवर दिसत नाही. दिसला तर एका लोबमध्ये पांढरट डाग दिसतो, किंवा छातीत साठलेलं पाणी. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छही येतो. "एक्स-रे चांगला आहे" हे ऐकून घरी आलेली कुत्री महिन्याने छातीभर पू घेऊन परत जातात.

सीटी स्कॅनवरही प्रत्येक वेळी कुसळ दिसेलच असं नाही, पण त्याची वाट दिसते: जाड झालेली नळी, घट्ट झालेला लोब, पुवाची पोकळी, कधी पाठीच्या स्नायूंपर्यंत गेलेला माग. शल्यचिकित्सकाला कुठे चिरायचं ते यावरूनच कळतं. फुप्फुसाच्या कडेला किंवा पाठीच्या गळवात कुसळ असेल तर अनुभवी हाताला सोनोग्राफीवरही ते बारीक चकचकीत काडीसारखं सापडतं.

छातीतलं पाणी किंवा नळ्या धुऊन घेतलेला नमुना कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून पाहायला जाईल. इथे एक गोष्ट स्वतः विचारा: ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंचं कल्चर लावलंय का, आणि लॅब ते जास्त दिवस ठेवणार आहे का? या आजारात नेहमी भेटणारे दोन जंतू म्हणजे ॲक्टिनोमायसिस आणि नोकार्डिया. पहिला कुत्र्याच्या तोंडातच राहतो आणि कुसळाबरोबर आत जातो, दुसरा मातीतला. दोन्ही लॅबमध्ये सावकाश वाढतात. ताट लवकर फेकून दिलं तर अहवाल 'काही सापडलं नाही' असा येतो. पुवात पिवळसर रव्यासारखे कण दिसले तर डॉक्टरांचा ॲक्टिनोमायसिसवरचा संशय बळावतो. जंतू कोणता ते कळणं महत्त्वाचं, कारण ॲक्टिनोमायसिसवर पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं चालतात आणि नोकार्डियावर सहसा सल्फाची. नमुना शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्यावा.

उपचार

बरं व्हायचं तर कुसळ बाहेर निघालं पाहिजे. बाकी सगळं त्याच्या आगेमागे.

लवकर आलात तर ब्रॉन्कोस्कोपी. भूल, नळी, छोटा चिमटा, आणि सगळं नीट झालं तर लवकर घरी. एक कुसळ निघालं म्हणून डॉक्टरांनी थांबू नये, प्रत्येक फांदी पाहावी, कारण एका धावेत दोन-तीन कुसळं जाऊ शकतात.

छातीत पू भरला असेल तर बरगड्यांमधून नळी घालून तो काढतात आणि पोकळी सलाइनने धुतात. काही कुत्री एवढ्याने आणि लांबलेल्या औषधांनी सावरतात. पण कुसळाचा संशय पक्का असेल तर नुसत्या नळीवर आठवडे काढण्यापेक्षा शस्त्रक्रियेचा सल्ला लवकर घ्यावा, असं माझं मत झालंय. पू पुन्हा पुन्हा साठतो आणि प्रत्येक वेळी कुत्रं थोडं आणखी खचतं.

सर्जाचं दुर्बिणीने एक कुसळ निघालं, पण तोवर उजवा मागचा लोब यकृतासारखा घट्ट होऊन गेला होता. तो काढावा लागला. फुप्फुस कापायचं हे ऐकून माझ्या बायकोने माझा हात घट्ट धरला. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं: कुत्र्याच्या डाव्या बाजूला दोन लोब, उजवीकडे चार. त्यातला एक गेला तरी उरलेले काम सांभाळतात, आणि अशी कुत्री पुन्हा रानात पळतात. काढलेला लोब त्यांनी उभा-आडवा चिरून तपासला आणि त्यात दुसऱ्या कुसळाचा तुकडा मिळाला. म्हणून काढलेला भाग चिरून पाहाल का, हे आधीच विचारून ठेवा.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस छातीत नळी राहते, त्यातून किती पाणी आणि हवा येते ते मोजतात. त्या दिवसांत वेदनाशामक कमी पडू देऊ नका. दुखलं की कुत्रं उथळ श्वास घेतं.

अँटिबायोटिक पुढे आठवडे, कधी महिने चालतात. ॲक्टिनोमायसिस आणि नोकार्डियाच्या बाबतीत तर कुत्रं टुणटुणीत झाल्यावरही गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. बंद करायची तारीख तुम्ही ठरवू नका, एक्स-रे पाहून डॉक्टर ठरवतील. बंद केल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा एक एक्स-रे काढा. चोरून परत येणारा आजार तिथेच पकडला जातो.

खर्च हजारो डॉलरांत जातो. सीटी, भूल, शस्त्रक्रिया, आयसीयू, सगळं वेगवेगळं लागतं. विमा पहिला ठसका लागण्याआधी काढलेला हवा, कारण आधीपासून असलेल्या आजाराला तो लागू होत नाही. पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तर तिथे चौकशी करा. आमच्या खोऱ्यात डेव्हिसला ते आहे.

घरी आणल्यावर

टाक्यांवर जीभ जाऊ नये म्हणून गळ्यात कोन. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरत असाल तर तो टाक्यांवर घासत नाही ना, पाहा. जिना, सोफा, उड्या बंद. पट्ट्यावर लघवीपुरतं बाहेर, मग हळूहळू गल्लीच्या टोकापर्यंत. पळायला केव्हा सोडायचं ते डॉक्टरांना विचारून. पॉइंटरला घरात बसवणं फार जड जातं. सर्जाला आम्ही जुन्या टॉवेलात खाऊ गुंडाळून वास घेत शोधायला लावायचो. त्यात तो शरीराने न दमता थकायचा. वही चालू ठेवा: श्वास, ताप, वजन.

पुढचा हंगाम

घराभोवतीचं गवत कणसं हिरवी असतानाच कापा आणि कापलेलं उचला. वाळल्यावर कापलं तर कुसळं अंगणभर पसरतात. फॉक्सटेल उभं असलेल्या महिन्यांत पायवाटेवर पट्टा सोडू नका. डोक्यावर घालायचा जाळीचा टोप मिळतो. त्यातून श्वास घेता येतो, पाणी पिता येतं, आणि नाक, कान, डोळे, तोंड सगळं झाकलं जातं. सरावाला तो उत्तम. पक्षी उचलून आणायच्या कामात अर्थातच चालत नाही. दर वीस मिनिटांनी थांबवून पाणी द्या. जितकं कमी ल्हाल्हा करेल तितकं तोंड मिटलेलं राहील.

परत आल्यावर गाडीचं मागचं दार उघडून तिथेच तपासणी: तोंड, कान, पापण्या, बोटांच्या बेचक्या, काखा, मांड्यांच्या मध्ये, लिंगाची किंवा योनीची घडी. लांब केसांच्या स्पॅनियलला कंगवा.

महाराष्ट्रात १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, पण कारवानी कुत्री माळावर सुसाट पळतातच. दिवाळीच्या आसपास कुसळी पिकते तेव्हा हे सगळं त्यांनाही लागू आहे. कुत्रं खोकलं की "थंडीनं झालं असेल" म्हणून सोडू नका, गावातल्या डॉक्टरांना माळाची गोष्ट सांगा.

आम्ही १ सप्टेंबरला रानात जाणं सोडलं. आता फेझंटचा हंगाम नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी उघडतो तेव्हा जातो, पहिल्या पावसाने गवत झोडपून निजवलेलं असेल तरच. गेल्या खेपेला सर्जा अर्धा दिवस चालला, दोन पक्षी आणले. रात्री तो चुलीशेजारच्या गोधडीवर झोपला आणि मी घड्याळ घेऊन बसलो. मिनिटाला अठरा.